समासातली पंधरा टिंबं

१

मेल्चोर आग्बायानी सोमवारी सकाळी बंधाऱ्याखालच्या पाण्यात सापडला, आणि नऊ वाजायच्या आत साऱ्या कारखान्यानं त्याच्या मरणाचं कारण ठरवूनही टाकलं: इंग्रजी.

त्यात नवल काहीच नव्हतं. यारंबाच्या मांस कारखान्यात हाडं सोडवायला जे चाळीस फिलिपिनो होते, त्या सगळ्यांच्या मानगुटीवर हेच भूत बसलेलं होतं. कारखान्यानं शिफारस केली की ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येतं. पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत नऊपैकी सहा. एका भागात साडेपाच पडले की बाकीचे तीन पाण्यात. आणि हे सगळं वयाची पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत. बैलाच्या मांडीतून हाड सोडवताना सुरी इंग्रजीत चालत नाही, पण नियम तो नियम. मेल्चोर तीनदा बसला आणि तीनदा आपटला. चौथ्या वेळचा निकाल नुकत्याच सरलेल्या शुक्रवारी लागायचा होता, आणि पुढच्या मंगळवारी त्याला पंचेचाळीस पुरी होणार होती. आता मेलेल्या माणसाला वयाची अट नसते म्हणा.

विसिता डुमलाव पॅकिंगच्या पट्ट्यावर लेबलं तपासत उभी होती. मूळची फिलिपिन्समधल्या इलोकोसची शाळामास्तरीण. इथं येऊन मांसाच्या खोक्यांवरची लेबलं वाचत होती. पण नजर मास्तरणीचीच राहिली होती. फिलिपिनोंच्या तक्रारी, अर्ज, भांडणं सगळं तिच्याकडे यायचं, म्हणून लहानमोठे सगळे तिला 'मानांग' म्हणत. मानांग म्हणजे मोठी ताई, जसा मोठ्या दादाला मानोंग.

सार्जंट हॉलिस तिथं आला, त्याच्याबरोबर कारखान्याचा व्यवस्थापक ग्रॅहम वेथरबी. हॉलिसनं प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद पुढे केला.

"बाई, काठावर त्याच्या बुटांखाली हा होता. अक्षर त्याचंच आहे का?"

पेन्सिलीनं लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. वरची पट्टी फाडलेली. *माननीय महोदय, मी माफी मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मला आता पुढे चालू ठेवता येणार नाही. मी खूप प्रयत्न केले, परंतु माझी ताकद संपली आहे. यात कोणाचाही दोष नाही.* पुढं आभार, आणखी माफी, आणि *माझ्या लॉकरमधल्या वस्तू माझा मित्र इसागानी याला द्याव्यात. आपला विश्वासू.*

"त्याचंच आहे," विसिता म्हणाली.

वेथरबीनं उसासा टाकला. "शुक्रवारी माझ्याकडे आला होता तो. म्हणाला, नापास झालो. चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला कळतं सार्जंट. मीही याच व्हिसावर आलो ना इंग्लंडहून, झाली बारा वर्षं. परक्या मुलुखात माणूस एकटा पडतो." मग विसिताकडे वळून हळूच म्हणाला, "तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे. याच आठवड्यात सही करून टाकतो. तू आपल्या लोकांना सांभाळ."

विसितानं मान हलवली. ती गेल्या वर्षीच पास झाली होती. अडलं होतं फक्त वेथरबीच्या सहीवर, आणि तिच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला उरले होते एकोणीस दिवस. त्या सहीवर तिची सात वर्षं टांगलेली होती.

पण कागद परत देताना तिची नजर डाव्या समासात गेली. समासात बारीक टिंबं होती. वरून खाली पंधरा, आणि शेवटच्याखाली एक छोटी रेघ.

अशी टिंबं तिनंही परीक्षेच्या सरावात वर्षभर काढली होती. परीक्षेतलं पत्र दीडशे शब्दांचं लागतं. कमी भरलं की गुण गेले. म्हणून दर दहा शब्दांना समासात एक टिंब. पंधरा झाली की रेघ मारायची आणि सुटकेचा श्वास सोडायचा.

मरायला निघालेला माणूस शब्द मोजत बसत नाही.

२

दुपारी सुट्टी झाल्याबरोबर ती मेल्चोरच्या घरी गेली. रेल्वेच्या जुन्या घरात तो आणि इसागानी पास्कुआ असे दोघंच राहत. इसागानी तिशीतला, तोंडानं फाटका, पण आज खुर्चीत गप्प बसला होता.

"मानांग, पोलिसांनी माझे बूट नेले," तो म्हणाला. "चिठ्ठीत माझं नाव आहे म्हणे. वा रे मानोंग मेल्चोर! जिवंतपणी साधा चहा पाजला नाही, आणि मेल्यावर लॉकर माझ्या नावावर."

"तुमचं भांडण झालं होतं ना?"

"कोणाचं होत नाही? यंदा तीनच शिफारसी देणार आहेत. तुझी, त्याची आणि बाकी आम्हा सगळ्यांत मिळून एक. मी म्हटलं, तुझं वय संपत आलं, तू सोड नाद, मला पुढे जाऊ दे. त्यानं जेवणाचं ताट उचलून बाहेर नेलं. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी." त्याचे डोळे भरून आले. "आता जन्मभर नाही बोलायचा. तुला काय वाटतं, मी मारला त्याला?"

"काल कुठं होतास?"

"मावसभावाकडे. आज पहाटे आलो. विचार त्याला. त्याची बायको म्हणाली आणखी एक रात्र थांबलास तर भाडं घेईन."

विसितानं पिशवीतून आपलाच एक जुना सरावाचा कागद काढला आणि समासाकडे बोट दाखवलं. "हे काय असतं?"

इसागानीनं तिच्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. "शब्द. दहाला एक. मानांग, मी तीनदा परीक्षा दिली आहे. मला आता झोपेतही टिंबं पडतात."

पाणी प्यायला म्हणून तिनं फ्रिज उघडला. खालचा कप्पा भरलेला होता: बारीक चिरलेली कोबी, गाजराच्या काड्या, उकडून सोललेली कोंबडी, आणि ओल्या शेवयांची पाच पाकिटं.

"हे कोणाचं?"

"माझं नाही. त्याचंच असणार. मंगळवारच्या वाढदिवसाचं..."

"पुढच्या मंगळवारच्या वाढदिवसाची कोबी या रविवारी चिरतात होय रे?"

इसागानी उठून उभा राहिला. दोघंही त्या कप्प्याकडे बघत राहिले, कारण दोघांनाही कळलं होतं. यारंबातल्या फिलिपिनोंमध्ये एक रीत पडून गेली होती. निकाल लागला की कोणी कोणाला विचारायचं नाही. पास झालेला माणूस पुढच्या कामाच्या दिवशी पान्सितचा मोठा ट्रे, म्हणजे शेवया आणि भाज्या, घेऊन जेवणाच्या खोलीत यायचा. ट्रे दिसला की टाळ्या. नाही दिसला की सगळे आपापल्या डब्यात बघायचे. आज मेल्चोरचा ट्रे आला नाही, मेल्चोरच आला नाही, आणि सगळ्यांनी डब्यात बघितलं.

"पाच पाकिटं," इसागानी म्हणाला. "चाळीस माणसांची."

मेल्चोरचा परीक्षेचा फॉर्म विसितानंच भरला होता. पासवर्ड तिच्या वहीत होता. पण दुसऱ्याचा निकाल उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, म्हणून तिनं आजवर पाहिला नव्हता. मेलेल्याचा निकाल पाहायचं तर कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं फोनवर तो उघडला.

ऐकणं साडेसहा. वाचणं सहा. लिहिणं सहा. बोलणं साडेसहा.

इसागानीनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मग बोटांच्या फटीतून म्हणाला, "मानांग, लॉकरची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. तो हरवायचा म्हणून. पोलिसांना अजून हे माहीत नाही."

३

दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये ग्लेनिस हार्टिगन इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त, जीभ जरा तिखट. पण तिसऱ्यांदा नापास झालेल्याला घरी बोलावून सूप पाजणाऱ्या. विसिता इसागानीकडून थेट त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्या मेल्चोरचे कागद लावत बसल्या होत्या. सगळ्यांवर लाल शाईच्या रेघोट्या.

"मीच मारलं त्याला," त्या म्हणाल्या. "मागच्या बुधवारी म्हटलं, मेल्चोर, तुझं लिखाण एखाद्या नोटिशीसारखं आहे, त्यात माणूस दिसत नाही. असं बोलायला नको होतं."

"बाई, मागच्या आठवड्याचा प्रश्न काय होता?"

ग्लेनिसनी कोरा कागद काढला. दर आठवड्याचा प्रश्न त्या कागदाच्या माथ्यावर छापून आणत, खाली लिहायला ओळी. विसितानं वाचलं: *तुम्हाला तुमची नोकरी सोडावी लागत आहे. साहेबांना पत्र लिहा. माफी मागा, कारण सांगा, तुमच्या वस्तूंचं काय करावं ते कळवा.*

"परीक्षा तर देऊन झाली होती. मग हा लिहीत का होता?"

"निकाल येईपर्यंत सराव सोडायचा नाही, हा माझा नियम. बुधवारी आणून द्यायचा होता." मग बाईंच्या लक्षात आलं. हातातलं लाल पेन त्यांनी खाली ठेवलं. "देवा. ती चिठ्ठी म्हणजे..."

"तिच्यावर लाल शाई नाही. म्हणजे ती तुमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. घरी तो लिहायचा नाही, इसागानी गाणी लावतो म्हणून. जेवणाच्या सुट्टीत लिहायचा आणि लॉकरमध्ये ठेवायचा. टिंबं तुम्हीच शिकवलीत ना?"

"पहिल्या दिवशी. खोडायचं विसरू नका, हेही शिकवते. तपासनीसाला घाण दिसते." बाईंनी कागदांचा गठ्ठा सारखा केला. "खोडायचं तो नेहमी शेवटी ठेवायचा. वर्गात आल्यावर, माझ्यासमोर खोडायचा."

विसितानं त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाली, "बाई, या महिन्यात तो आणखी काही विचारत होता का? परीक्षेबाहेरचं?"

ग्लेनिस घुटमळल्या. "बोलण्याच्या तासाला. मी म्हणायची, तुझ्या गावाबद्दल सांग, आवडत्या सणाबद्दल सांग. तो म्हणायचा, नको, करवतीबद्दल बोलू. 'जाळी काढायचा हुकूम दिला' हे कसं म्हणायचं. 'मी स्वतः ऐकलं' हे कसं म्हणायचं. पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचा माझ्याकडून."

विसिताला तो अपघात आठवला. एप्रिलमध्ये जोआनिको नावाच्या तिमोरच्या पोराची तीन बोटं पट्ट्याच्या करवतीत गेली होती. करवतीवर संरक्षक जाळी नव्हती. वेथरबीनं चौकशीत सांगितलं की, जाळी पोरानं आपल्या मनानं काढली. मेल्चोर पलीकडच्याच टेबलाशी होता; पण त्याचा जबाब बाजूला ठेवला गेला, कारण वेथरबीनं सुरक्षेच्या इन्स्पेक्टरला सांगितलं होतं, या माणसाला इंग्रजी कळत नाही, हुकूम काय दिला हे त्याला काय समजणार? कागदावर तसंच लिहिलं गेलं. आणि ती चौकशी आता पुन्हा उघडली होती. इन्स्पेक्टर उद्या, मंगळवारी, येणार होता.

"बाई, त्याचा एक जुना कागद मला द्याल?" ती म्हणाली. "टिंबं न खोडलेला."

४

वेथरबीनं तिला लगेच आत घेतलं. स्वतः उठून खुर्ची दिली. टेबलावर तिची फाइल उघडी होती.

"ये विसिता. वाईट दिवस आहे. पण कामं थांबत नाहीत." त्यानं पेन काढलं, शेवटचं पान उलटलं आणि तिच्या देखत सही ठोकली. झरझर, दोन रेघांत. सात वर्षांचं काम दोन रेघांत झालं. "घे. उद्या वकिलाकडे पाठवून दे. तुझा नवरा, पोरं, सगळी येऊ देत इकडे. तुझं इंग्रजी तर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"थँक यू, सर."

"एक लहानसं काम आहे. उद्या तो सुरक्षेचा इन्स्पेक्टर येतोय. तुमची माणसं घाबरलेली असतील, तूच बोल त्यांच्या वतीनं. मेल्चोर खचला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, काहीबाही बोलायचा, एवढंच सांग. त्याच्या बायकोलाही त्यातच बरं."

विसितानं सहीवरून बोट फिरवलं. हे तिला मनापासून हवं होतं, यात खोटं नव्हतं. तिची धाकटी लेक आईला फोनच्या पडद्यावर ओळखत होती आणि समोर आली तर आजीमागे लपत होती. आणि अळीमिळी गुपचिळी केलं तर कोणाचं काय जाणार होतं? मेलेला परत येणार नव्हता.

तिनं पिशवीतून मेल्चोरचा जुना कागद काढला.

"सर, त्याच्या घरी पाठवायला हे कागद मिळाले. बायको विचारेल, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. कडेला ही टिंबं कसली असतील?"

वेथरबीनं कागद जवळ घेतला. खरंच कुतूहलानं पाहिला. "हं. जपाची असतील. तुम्हा लोकांचा जपमाळेवर भारी विश्वास. वाक्य झालं की एक प्रार्थना." तो किंचित हसला. "त्या शेवटच्या चिठ्ठीवरही होती बघ. बिचारा. मरताना देवाचं नाव घेत होता."

"असेल, सर."

"वाईट वाटून घेऊ नकोस. नापास होणं सगळ्यांना झेपत नाही."

"तुम्हाला कुठं द्यावी लागली परीक्षा, सर? तुम्ही याच व्हिसावर आलात ना?"

"मला?" त्याला खरोखर गंमत वाटली. "ब्रिटिश पासपोर्ट आहे माझा. आम्हाला कोण विचारतो इंग्रजी येतं का?"

विसिता उठली, त्याचे आभार मानले, दार हळू लावून घेतलं. आत बसलेल्या माणसानं तिला आत्ताच सगळं सांगून टाकलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

५

पोलिस ठाण्यात सार्जंट हॉलिस सँडविच खात होता. त्यानं तिला समोर बसवलं.

"जबाब द्यायचाय? तुमच्या भाषेचा दुभाषी बोलावू का? फोनवर मिळतो."

"नको. बोलण्यात साडेसात आहेत माझे," विसिता म्हणाली.

तिनं टिंबांचा अर्थ सांगितला. ग्लेनिसबाईंचा छापील प्रश्न पुढं ठेवला. फाडलेल्या पट्टीत काय असणार ते त्यावरून हॉलिसला वाचायला लावलं. त्यानं सँडविच बाजूला केलं.

"म्हणजे चिठ्ठी नव्हतीच ती. गृहपाठ. कोणीतरी वरचा भाग फाडून काठावर ठेवली. मान्य. पण मग मला इसागानीच दिसतो, बाई. नाव त्याचं, भांडण त्याचं, शिफारशीचा फायदा त्याचा. आणि आमच्या माणसानं शोधलंय, लॉकरची किल्लीही त्याच्याकडे असते."

"असते. तो आज पहाटे मावसभावाकडून आला, ते तुम्ही तपासाच. पण ते सोडा. इसागानीला ही चिठ्ठी ठेवायची असती, तर त्यानं पहिलं काय केलं असतं?"

"काय?"

"खोडरबर शोधला असता. टिंबं दिसली की त्याला शब्द दिसतात. आमच्या चाळीस जणांपैकी कोणालाही विचारा. ग्लेनिसबाईंना विचारा. ही टिंबं ठेवून कोणी याला मरणाची चिठ्ठी म्हणून पुढं करणार नाही. शाळेच्या पोरानं गणिताच्या वहीत राजीनामा लिहिल्यासारखं दिसतं ते. ज्यानं ठेवली, त्याला टिंबं दिसली आणि कळली नाहीत. म्हणजे तो असा माणूस, ज्याला ही परीक्षा कधी द्यावी लागली नाही."

हॉलिस तिच्याकडे रोखून बघत होता. "मलाही कळली नाहीत ती. मग मी खुनी?"

"तुमच्याकडे मेल्चोरच्या लॉकरची किल्ली नाही. कारखान्यातल्या गोऱ्या कामगारांकडेही नाही. सगळ्या लॉकरांच्या किल्ल्या एकाच कपाटात असतात, व्यवस्थापकाच्या खोलीत. आणि सार्जंट, मेल्चोर नापास झाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळा गाव..."

"गावाला कोणी सांगितलं? आम्ही ट्रे दिसला नाही म्हणून तसं समजलो. पण मेल्चोर स्वतः येऊन म्हणाला, असं सांगणारा माणूस एकच आहे." तिनं फोन टेबलावर ठेवला. चार आकडे. "तो पास झाला होता. पास झालेल्या माणसानं साहेबाकडे जाऊन नापास झालो म्हणून का सांगावं? निकालाचा कागद घेऊन तो सही मागायला गेला होता. ट्रेची भाजी रविवारी चिरून ठेवली होती. आमची ती रीत वेथरबीला ठाऊक नव्हती, नाहीतर त्यानं दुसरं काही रचलं असतं."

"पण मारायचं का? पास झाला तर झाला. सही करायची आणि मोकळं व्हायचं."

"एप्रिलच्या चौकशीचा कागद काढा. त्यात वेथरबीचं वाक्य आहे, या साक्षीदाराला इंग्रजी कळत नाही. त्या एका वाक्यानं मेल्चोरचं तोंड बांधलं होतं. आणि शुक्रवारी तोच माणूस टेबलावर सरकारी कागद ठेवतो, ऐकणं साडेसहा, बोलणं साडेसहा." विसितानं फोनवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "आम्हाला वाटतं, या परीक्षेनं राहायला मिळतं. मेल्चोरला साक्षीदार व्हायचं होतं. इन्स्पेक्टर उद्या येणार होता, सार्जंट. म्हणून त्याला रविवारीच मरावं लागलं."

हॉलिसनं तिचं बोलणं वहीत उतरवून घेतलं. मग त्याची नजर तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या फाइलकडे गेली. गाव लहान होतं. त्या फाइली तो ओळखत होता.

"सही झाली का तुमची?"

"आज दुपारी."

"आणि हे सगळं तुम्ही लेखी द्यायला तयार आहात? तुम्हाला कळतंय ना, काय होईल?"

"कळतंय," विसिता म्हणाली. "पेन द्या."

६

वेथरबीच्या गाडीत, सुट्या चाकाखाली, मेल्चोरची निळी फाइल सापडली. निकालाची प्रत तिच्यात होती. फाडलेली पट्टी त्याच्या कोटाच्या खिशात चुरगळलेली मिळाली; फेकून देण्याइतकीही तिची किंमत त्याला वाटली नव्हती. दोन दिवस त्यानं कानांवर हात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी बोलला. रविवारी चार वाजता सहीसाठी म्हणून त्यानं मेल्चोरला बोलावलं होतं, बंधाऱ्यावर फिरत फिरत बोलू म्हणाला. जोआनिकोबद्दल गप्प राहा, सही आत्ता करतो. मेल्चोरनं नाही म्हटलं. "एरवी मान हलवायचा आणि गप्प बसायचा," वेथरबी पोलिसांना म्हणाला, "त्या दिवशी अख्खी वाक्यं बोलत होता." वेथरबीनं दगड उचलला. मग निकालाची दुसरी प्रत असेल म्हणून लॉकर उघडला, तर हातात आयतं पत्र आलं.

विसितानं मेल्चोरच्या बायकोला फोन केला. आठवडाभर ती बाई एकच म्हणत होती, मीच त्याला परीक्षेवरून टोचून बोलले, मीच घालवला. विसितानं तिला सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं, पण ते आता वेगळं रडणं होतं.

बाकीचं जे व्हायचं तेच झालं. कारखान्याच्या मालकानं हात झटकले. वेथरबीच्या सहीच्या सगळ्या शिफारसी त्यानं मागे घेतल्या, तिची सगळ्यात आधी. सरकारनं कारखान्याला शिफारस करायलाच बंदी घातली, म्हणजे इसागानीचंही घोडं अडलं, आणि उरलेल्या अडतीस जणांचं. कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही. चर्चमध्ये मात्र तिच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. एकदा इसागानी येऊन बसला. "मानांग, खरं सांगू? तू केलंस ते बरोबर केलंस. आणि मला तुझा इतका राग आहे की काय सांगू." असं म्हणून तो शेवटपर्यंत बसून राहिला.

अठ्ठावीस तारखेला तिला पंचेचाळीस पुरी झाली. घरून पोरांचा फोन आला, गाणं म्हणून झालं. कधी येतेस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आता लवकरच.

पण तसं लगेच जाता येणार नव्हतं. खटला उभा राहणार होता आणि ती मुख्य साक्षीदार होती. सरकारी वकिलाच्या शहरातल्या कचेरीत एका तरुण कारकुनानं तिच्यासमोर नवा फॉर्म ठेवला. साक्षीदारांना थांबवून घ्यायचा व्हिसा वेगळा असतो. विसितानं सवयीनं पिशवीतून इंग्रजीच्या निकालाचा कागद काढला आणि पानं उलटत त्याचा रकाना शोधू लागली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, कुठंच काही नव्हतं.

"याचे गुण कुठं भरायचे?" तिनं विचारलं.

कारकुनानं कागद पाहिला आणि नम्रपणे परत दिला. "याला ती अट नाही, मॅडम. तुम्ही फक्त कोर्टात बोलायचं. काम झालं की व्हिसा आपोआप संपतो."

विसितानं खाली सही केली आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला.